ज्याचे वाद्य त्याने घडवावे : मॅक्स मॅथ्यूज

गॅदरिंगची प्रॅक्टिस चालू असते. कीबोर्डवर बटण दाबले की बासरी, दुसरे दाबले की गिटार, तिसरे दाबले की व्हायोलिन. सगळे खूश. मग कोणीतरी एक शास्त्रीय संगीत शिकणारी मुलगी विचारते, यात तंबोरा आहे का? शोधाशोध होते. एखाद्या कोपऱ्यात तंबोऱ्याच्या नावाचा आवाज सापडतोही, पण त्यात जवारी नसते. मग काय करायचे? कंपनीने जे दिले ते मुकाट्याने वाजवायचे, की आपला तंबोरा आपण बनवून त्या यंत्रात बसवायचा?

हा प्रश्न आजचा वाटतो ना? पण त्याचे उत्तर साठेक वर्षांपूर्वीच एका इंजिनिअरने देऊन ठेवले आहे. त्याचे नाव मॅक्स मॅथ्यूज. संगणकाला गाते करणारा माणूस म्हणून त्याची ओळख सांगतात. पण आपल्यासारख्यांनी त्याच्याकडून शिकावे असे खरे काम वेगळेच आहे. वाद्ये बनवण्याचा हक्क त्याने स्वतःकडे ठेवला नाही.

मॅक्सचा जन्म १३ नोव्हेंबर १९२६ चा, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या कोलंबस गावचा. आईवडील दोघेही शिक्षक. लहानपणी व्हायोलिन शिकला आणि ती हौस जन्मभर टिकली. दुसऱ्या महायुद्धात नौदलात रेडिओ दुरुस्तीचे काम केले. मग कॅलटेकमधून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग केले आणि १९५४ मध्ये एमआयटीतून डॉक्टरेट मिळवली. म्हणजे शिक्षण आपलेच, ब्रँचही ओळखीची!

१९५५ मध्ये तो न्यू जर्सीतल्या बेल लॅब्समध्ये लागला. ही टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा. तिथे त्याचे काम संगीताचे मुळीच नव्हते. टेलिफोनवरचा आवाज कमी खर्चात कसा पाठवता येईल याच्या नवनव्या युक्त्या निघत. प्रत्येक युक्ती तपासायला नवे सर्किट बांधण्यापेक्षा आवाजच आकड्यांत बदलून संगणकाला द्यावा आणि निकाल पुन्हा आवाजात आणून ऐकावा, अशी सोय मॅथ्यूजने केली. इथे त्याच्या लक्षात आले की बाहेर आवाज काढायला आत आवाज घालावाच लागतो असे नाही. आकडे संगणकानेच तयार केले तरी लाउडस्पीकरला काय फरक पडतो?

त्याचे वरिष्ठ जॉन पिअर्स हे संगीतवेडे. दोघे मिळून एका पियानोच्या मैफलीला गेले होते. काही रचना आवडल्या, काही अजिबात नाहीत. तेव्हा पिअर्सनी सुचवले की याहून बरे संगीत संगणक करू शकेल, थोडा वेळ काढ आणि प्रोग्रॅम लिही. असा १९५७ मध्ये 'म्युझिक वन' जन्मला. प्रोग्रॅम चालायचा न्यूयॉर्कमधल्या आयबीएम ७०४ वर. तिथून चुंबकीय टेप घेऊन न्यू जर्सीला परत यायचे, तेव्हा कुठे आकड्यांचा आवाज व्हायचा. त्यावर न्यूमन गटमन या सहकाऱ्याने केलेली पहिली रचना होती फक्त १७ सेकंदांची. एका वेळी एकच सूर, लाटेचा आकार एकच. सुराची उंची, जोर आणि लांबी सोडली तर हातात काहीच नाही. खरं सांगायचं तर ऐकायला फारसे बरे नव्हते.

१९५८ च्या 'म्युझिक टू'मध्ये चार सूर एकदम वाजू लागले आणि निवडायला १६ लाटा आल्या. आता इथे थांबून विचार करा. तुम्ही मॅथ्यूजच्या जागी असता तर पुढे काय केले असते? बहुतेकांनी १६ च्या ३२ केल्या असत्या, मग ६४. प्रत्येक संगीतकाराची मागणी ऐकायची आणि पुढच्या आवृत्तीत एकेक आवाज वाढवायचा. यादी वाढत राहते, पण मागणाऱ्याची रांग काही संपत नाही.

मॅथ्यूजने ती वाटच सोडली. १९६० च्या सुमारास आलेल्या 'म्युझिक थ्री'त त्याने तयार वाद्ये देण्याऐवजी वाद्याचे सुटे भाग दिले. त्यांना युनिट जनरेटर म्हणतात. ऑसिलेटर, बेरीज करणारा भाग, गुणाकार करणारा भाग, गोंगाट निर्माण करणारा भाग, असे छोटे छोटे ठोकळे. एकाचे आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला जोडायचे, झाले तुमचे वाद्य तयार. आपल्या लॅबमधल्या ब्रेडबोर्डसारखेच, फक्त वायरींच्या जागी प्रोग्रॅमच्या ओळी.

यातला ऑसिलेटर कसा चालतो ते बघा, कारण गंमत तिथेच आहे. लाटेचे एक पूर्ण आवर्तन ५१२ आकड्यांच्या तक्त्यात भरून ठेवायचे. सेकंदाला १०,००० आकडे बाहेर काढायचे आहेत आणि ४४० हर्ट्झचा सूर हवा आहे असे समजा. मग ४४० गुणिले ५१२ भागिले १०,०००, म्हणजे दर वेळी सुमारे २२.५ घरे पुढे उडी मारायची. तक्ता संपला की पुन्हा सुरुवातीपासून. उडी मोठी केली की सूर चढतो. तक्त्यात काय भरायचे ते वापरणाऱ्याने ठरवायचे. उडीचा आकार दुसऱ्या ऑसिलेटरकडून घ्यायचीही मुभा!

वाद्यांची व्याख्या एका भागात आणि ती कधी, काय वाजवणार याची यादी दुसऱ्या भागात, अशी विभागणी झाली. त्यांना वाद्यवृंद आणि स्वरलिपी म्हणत. मूळ प्रोग्रॅमला हात न लावता कोणीही नवे वाद्य लिहू शकत होता.

१९६३ मध्ये मॅथ्यूजने 'सायन्स' या नियतकालिकात संगणक हे एक वाद्य आहे असे मांडणारा लेख लिहिला. तो स्टॅनफर्डमध्ये संगीतरचना शिकणाऱ्या जॉन चाउनिंगच्या वाचनात आला. हा तालवाद्य वाजवणारा, इंजिनिअरिंगशी संबंध नाही. १९६४ मध्ये तो सरळ बेल लॅब्सला गेला आणि मॅथ्यूजकडून 'म्युझिक फोर'च्या पंचकार्डांचा खोका घेऊन परतला. तीन वर्षांनी, १९६७ मध्ये, तो एका ऑसिलेटरने दुसऱ्याला कंप देत होता. कंपाचा वेग वाढवत नेला तर कंप ऐकू येईनासा झाला आणि त्या जागी नवाच नाद आला. हेच ते एफएम सिंथेसिस. पुढे स्टॅनफर्डने त्याचा परवाना यामाहाला दिला आणि १९८३ चा डीएक्स-७ हा कीबोर्ड जगभर गेला. दोन ठोकळे जोडून एवढे होईल हे ठोकळे बनवणाऱ्यालाही आधी सुचले नव्हते.

दुसरे उदाहरण फ्रान्सच्या जाँ-क्लोद रिसे याचे. हा भौतिकशास्त्रज्ञ आणि संगीतकारही. १९६४ मध्ये बेल लॅब्समध्ये आला तेव्हा संगणकाला ट्रंपेट काही जमत नव्हता. पुस्तकातले हार्मोनिक्सचे प्रमाण घालूनही आवाज खोटाच वाटे. रिसेने खऱ्या ट्रंपेटचे पृथक्करण केले. हे प्रमाण स्थिर नसतेच, जोर वाढला की वरचे हार्मोनिक्स जास्त वाढतात, असे त्याला दिसले. तसे वाद्य लिहिल्यावर ट्रंपेट बोलू लागला. १९६९ मध्ये त्याने अशा आवाजांची एक सूचीच काढली, प्रत्येक आवाजाची कृती सकट. ज्याला हवे त्याने घ्यावे, बदलावे.

पण खुले करणे म्हणजे नुसती कार्डे वाटणे नव्हे, हे मॅथ्यूजला अनुभवाने कळले. 'म्युझिक फोर' एका विशिष्ट यंत्राच्या भाषेला बांधलेले होते. यंत्र बदलले की सगळे पुन्हा लिहा. म्हणून १९६८ चे 'म्युझिक फाइव्ह' त्याने मुख्यतः फोरट्रानमध्ये लिहिले. वेग थोडा कमी झाला, पण दुसऱ्याच्या संगणकावर चालू लागले. दुसऱ्याला वापरताच आले नाही तर दरवाजा उघडा ठेवून काय उपयोग?

पुढचे आयुष्यही याच धाग्याचे. १९७० मध्ये हाताने नियंत्रण करता येईल अशी 'ग्रूव्ह' प्रणाली, १९७४ ते १९८० पॅरिसच्या इर्कॅम संस्थेत वैज्ञानिक सल्लागार, १९८७ पासून स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक. हवेत काठ्या फिरवून संगीत चालवण्याचे 'रेडिओ बॅटन' हे यंत्रही त्याचेच. २१ एप्रिल २०११ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, सॅन फ्रान्सिस्कोत त्याचे निधन झाले.

त्याच्या प्रोग्रॅमच्या वंशातला 'सीसाउंड' बॅरी व्हर्को यांनी १९८६ मध्ये एमआयटीत लिहिला. इर्कॅममध्ये मिलर पकेट यांनी केलेल्या ठोकळे जोडायच्या सॉफ्टवेअरला तर 'मॅक्स' हेच नाव मिळाले. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी आणले आणि १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून बाहेरच्या लोकांनी लिहिलेली वाद्येही त्यात बसू लागली. बाजाराने ते तेव्हा केले. मॅथ्यूजने तो विचार जवळजवळ चाळीस वर्षे आधी केला होता.

आता पुन्हा आपल्या तंबोऱ्याकडे येऊ. तार पुलावर घासते, मध्ये दोरा असतो आणि छेडल्यानंतर हार्मोनिक्स क्षणाक्षणाला बदलत जातात. रिसेच्या ट्रंपेटचेच कोडे, आपल्या घरचे. मिरजेचा कारागीर ती जवारी कानाने लावतो. परदेशातल्या कंपनीतला इंजिनिअर कितीही हुशार असला तरी त्याच्या कानात ती नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. प्लॅटफॉर्म बनवणाऱ्याला सगळ्या जगाचे कान कसे असणार? त्याने एवढेच करायचे, दुसऱ्याच्या कानासाठी जागा ठेवायची. मॅथ्यूजने ती ठेवली.

फायनल इयरचा प्रोजेक्ट ठरवताना सगळे फीचर्स आपणच भरायचा मोह होतो. त्या वेळी एकदा विचारून बघा, यात दुसरा कोणी आपला ठोकळा जोडू शकेल का? आणि कोणाला विषयच सुचत नसेल, तर सीसाउंड फुकट मिळते. जवारीचा तंबोरा करून बघा. पुढच्या गॅदरिंगला ती मुलगी विचारणारच आहे.