शरीरशिक्षकांचे शिक्षक : स्वामी कुवलयानंद

कुर्डुवाडी हे रेल्वेचे गाव. बार्शी लाइट रेल्वेच्या काळापासून येथे रेल्वेचा कारखाना असल्यामुळे आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरी वडील अगर आजोबा फिटर, फायरमन किंवा ड्रायव्हर होऊन गेले आहेत. वाफेच्या इंजिनाच्या दिवसांत माणूस आधी क्लीनर, मग फायरमन आणि पुष्कळ वर्षांनी ड्रायव्हर होत असे. मध्ये परीक्षा आणि डोळ्यांची तपासणी ही असतच. इंजिन कोणाच्या हाती द्यावे ह्याविषयी इतकी काळजी घेणारे आपण मुलांचे शरीर कोणाच्या हाती द्यावे ह्याविषयी मात्र फार दिवस उदासीन राहिलो. पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार, किंवा ज्याचा तास रिकामा आहे असा कोणीही शिक्षक, कवाईत घेण्यास पुरेसा समजला जाई. ही स्थिती पालटण्यासाठी मुंबई इलाख्यात ज्यांनी झीज सोसली, त्यांत स्वामी कुवलयानंद अग्रभागी होते. योगी म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. शिक्षक घडविणारे शिक्षक ही त्यांची दुसरी ओळख मात्र थोड्यांसच आहे, आणि येथे तीच सांगावयाची आहे.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे झाला. घरची परिस्थिती गरिबीची. तथापि १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली आणि पुढे ते बडोदे कॉलेजात शिकू लागले.

खरे शिक्षण मात्र कॉलेजच्या बाहेर, जुम्मादादांच्या आखाड्यात झाले. तेथे प्रोफेसर माणिकराव हे गुरू होते. १९०७ पासून १९१० पर्यंत तीन वर्षे गुणे ह्यांनी त्यांच्यापाशी देशी व्यायामाचे शिक्षण घेतले. माणिकरावांविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. शाळांतील कवाईतीचे हुकूम तेव्हा इंग्रजीत असत. माणिकरावांनी सांघिक व्यायामास देशी भाषेतील हुकूम दिले. दुसरी गोष्ट अशी की, ते नामांकित हाडवैद्य होते. जो गुरू मुलास मल्लखांबावर चढवितो, त्यास निखळलेला सांधा बसविता आला पाहिजे, ही जुन्या आखाड्याची रीत होती. नव्या काळात प्रथमोपचार हा शरीरशिक्षकाच्या अभ्यासक्रमाचा विषय झाला. पण आखाड्याने तो आधीच ओळखला होता, हे आपण सहसा विसरतो.

पुढे अमळनेर येथे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या कामात ते पडले आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९१९ साली नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदास ह्या वंगदेशीय योग्याची गाठ पडली. त्यांच्याकडून योगाची साधना मिळाली आणि आयुष्यास निराळे वळण लागले.

येथवरची कथा पुष्कळ साधकांची असते. गुणे ह्यांचे वेगळेपण पुढेच दिसते. गुरूंनी सांगितले म्हणून खरे, एवढ्यावर त्यांचे समाधान होईना. उड्डियान, नौली ह्या क्रिया करिताना पोटात काय घडते हे पाहावे म्हणून त्यांनी क्ष-किरणांची चित्रे घेतली. मोठ्या आतड्यातील दाब नळी घालून मोजला. नौलीच्या वेळी तो बाहेरील हवेच्या दाबापेक्षा खाली जातो असे आढळले, आणि त्या स्थितीस त्यांनी गुरूंचे नाव दिले. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झाले. त्याच वर्षी निघालेल्या योगमीमांसा ह्या त्रैमासिकात हे प्रयोग प्रसिद्ध होऊ लागले. प्राणायामाने शरीरास जादा प्राणवायू मिळतो अशी सर्रास समजूत होती. त्यांच्या प्रयोगशाळेतील मोजणीने तिला दुजोरा दिला नाही, आणि स्वतः प्राणायाम शिकविणाऱ्या ह्या गृहस्थाने ते छापून टाकले. आपल्या मालाची वाण आपणच उघड करणारा व्यापारी विरळाच. आम्हांस त्यांच्या चरित्रातील ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

व्यायाम शिकविणाऱ्यास शरीराची रचना व क्रिया ठाऊक नसेल तर काय होते, ह्याचा एक दाखला प्रस्तुत लेखकाने बालपणी पाहिला आहे. शाळेचे नाव येथे नको. शिक्षा म्हणून भर दुपारी मैदानाच्या फेऱ्या घालावयास लाविलेला एक मुलगा कोसळला. त्यास कसे निजवावे, पाणी केव्हा पाजावे, हे जवळ उभ्या असलेल्या एकाही मोठ्या माणसास ठाऊक नव्हते. मुलगा वाचला. शिकविणारे गृहस्थ मनाने वाईट नव्हते. त्यांस कोणी काही शिकविलेच नव्हते.

१९३६ साली स्वामींचे यौगिक संघ व्यायाम हे पुस्तक निघाले. एकाच वेळी अनेकांस हुकुमाने आसने कशी शिकवावीत हा त्यातील विषय. माणिकरावांचा आखाडा आणि माधवदासांचा आश्रम येथे एकत्र आले असे म्हणता येईल. १९३७ साली मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणासंबंधी समिती नेमून तिचे अध्यक्षपद स्वामींस दिले. शिक्षक तयार केल्यावाचून शारीरिक शिक्षण सुधारणार नाही हे उघड होते. मद्रासेस वाय. एम. सी. ए.च्या हॅरी बक ह्यांनी १९२० सालीच अशी शाळा काढिली होती. १९३८ साली मुंबईजवळ कांदिवली येथे सरकारी प्रशिक्षणसंस्था उघडली आणि पी. एम. जोसेफ तिचे पहिले प्राचार्य झाले. शरीररचना, शरीरक्रिया, आरोग्य, प्रथमोपचार, खेळांचे नियम आणि प्रत्यक्ष पाठ घेण्याचा सराव, इतके झाल्यावाचून मुलांपुढे उभे राहू नये, हा दंडक अशा संस्थांमुळे हळूहळू रुजला. हेच जोसेफ पुढे १९५७ साली ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई कॉलेजचे पहिले प्राचार्य झाले.

स्वामींपाशी स्वतः वैद्यकीची अगर शरीरशिक्षणाची पदवी नव्हती, मग इतरांकडून दाखला मागण्याचा अधिकार त्यांस कोठून आला, अशी शंका कोणी घेईल. शंका रास्त आहे. पण ते तरुण असताना शरीरशिक्षणाची पदवी देणारी संस्थाच ह्या देशात नव्हती. आखाड्यात तीन वर्षे, गुरूंपाशी साधना आणि नंतर प्रयोगशाळेत स्वतःच्याच मतांची तपासणी, एवढी उमेदवारी त्यांनी आपण होऊन पत्करली होती. एक वर्षाचा दाखला घेऊन शिकणे थांबविणाऱ्यापेक्षा ती निश्चितच कठीण.

१९५०च्या सुमारास लोणावळ्यास योगशिक्षक तयार करण्यासाठी गोरधनदास सेकसरिया महाविद्यालय सुरू झाले. १९६१ साली पतियाळा येथे क्रीडाप्रशिक्षकांसाठी राष्ट्रीय संस्था निघाली आणि हॉकी, कुस्ती, मैदानी खेळ ह्यांच्या गुरूंसही रीतसर पदविका मिळू लागली. ते दिवस पाहण्यास स्वामी हयात होते. १८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, ते निवर्तले.