पानिपतानंतरचे महादजी

१४ जानेवारी १७६१. पानिपतावर महादजी शिंदे जखमी झाले, पाय कायमचा अधू झाला. बंधू दत्ताजी वर्षभरापूर्वीच बुराडीला पडले होते. आता पुतण्या जनकोजीही गेला. राणेखान या भिश्त्याने महादजींचा जीव वाचवला, त्याला त्यांनी पुढे भाऊ मानले. खचून घरी बसायला कारणे पुरेशी होती. पण नशिबाला दोष न देता त्यांनी पुन्हा फौज उभी केली. दहाच वर्षांत, १७७१ साली मराठे पुन्हा दिल्लीत शिरले, त्यात महादजी पुढे होते. १७९४ साली पुण्याजवळ वानवडीला त्यांचे निधन झाले.

आम्हा ग्वाल्हेरकर मराठी घराण्यांची मुळे त्यांच्या या उमेदीत आहेत. उत्सवाला कार्यकर्ते कमी पडले की आम्ही हताश होतो, तेव्हा हे स्मरावे.