सलाईन, आकडी आणि तारवाला डॉक्टर

सीपीआरमध्ये कोणाला बघायला गेलात की कॉटशेजारी सलाईनची बाटली दिसतेच. ती ज्याच्या संशोधनातून सुचली, तो विल्यम ओशॉनेसी तेव्हा तुमच्या-माझ्याच वयाचा होता! या आयरिश डॉक्टरनं १८३१ च्या कॉलऱ्यात रुग्णांचं रक्त तपासलं आणि त्यातलं पाणी, क्षार कमी होतात हे दाखवलं. पुढच्याच वर्षी थॉमस लॅटानं शिरेतून मीठपाणी दिलं.

१८३३ मध्ये ओशॉनेसी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला आणि गांजाच्या मागे लागला. हसू नका, ओढायला नव्हे! धनुर्वातात अंग लाकडासारखं ताठ होतं, आणि त्यावर तेव्हा धड औषध नव्हतं. यानं इथल्या जाणकारांना विचारलं, आधी जनावरांवर प्रयोग केले, मग रुग्णांना गांजाची राळ दिली. आवळलेले स्नायू सैल पडू लागले.

घोळ डोसचा होता. संधिवाताच्या एका रुग्णाला जेमतेम एक ग्रेन दिली, तर त्याचा हात जसा ठेवावा तसाच राहू लागला. गांजाची सवय असलेल्या दुसऱ्याला तेवढ्याच डोसानं काहीच झालं नाही. चाळीस दिवसांच्या एका बाळाला आकड्या येत होत्या. अर्काचे थेंब वाढवत नेल्यावर त्या थांबल्या. पण आधी भरपूर डोस पचवणारं तेच बाळ नंतर कमी डोसातही गाढ गुंगीत गेलं. बाळ वाचलं. १८३९ मध्ये त्यानं हे सगळं मांडलं, फसलेलंसुद्धा. मला हा माणूस आवडला तो इथं.

अर्कात नेमकं काय आणि किती, हे मोजायची सोयच नव्हती. गांजातलं नशा आणणारं मुख्य द्रव्य वेगळं काढलं गेलं १९६४ मध्ये. त्यातल्याच दुसऱ्या, नशा न आणणाऱ्या घटकाच्या औषधाला काही दुर्मीळ फिट्ससाठी अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. डोसचं कोडं मात्र आजही आहेच. स्नायू सैल करणाऱ्या बॅक्लोफेनचा अतिडोस झाला, तर उलट फिट येऊ शकते. कृत्रिम गांजानंही येते.

ओशॉनेसी पुढे तारांत रमला. कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास जोडणारी तारयंत्रणा त्यानंच उभारली; १८५५ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. १८५६ मध्ये सर किताब मिळाला, तोही तारांसाठी.