बिल विल्सन

विल्यम ग्रिफिथ विल्सन ऊर्फ बिल डब्ल्यू. (२६ नोव्हेंबर, १८९५, ईस्ट डॉर्सेट, व्हरमाँट, अमेरिका - २४ जानेवारी, १९७१, मायामी, फ्लोरिडा, अमेरिका) हे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (संक्षेपाने ए.ए.) या मद्यासक्तांच्या परस्पर-साहाय्य संघटनेचे एक संस्थापक होते. दुसरे संस्थापक डॉ. रॉबर्ट स्मिथ ऊर्फ डॉ. बॉब. एका व्यसनी माणसाने दुसऱ्या व्यसनी माणसाला बरोबरीच्या नात्याने आधार द्यावा, या साध्या कल्पनेला विल्सन यांनी संघटित रूप दिले. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात आज जगभर चालणाऱ्या समव्यसनींच्या आधारगटांचा मोठा भाग या कल्पनेवर उभा आहे.

बालपण आणि शिक्षण

विल्सन यांचा जन्म ईस्ट डॉर्सेट या खेड्यात, वडिलांच्या कुटुंबाच्या हॉटेलात झाला. ते दहा-अकरा वर्षांचे असताना आईवडील विभक्त झाले. वडील कॅनडात निघून गेले आणि आई वैद्यकीय शिक्षणासाठी बॉस्टनला गेली. बिल आणि त्यांची बहीण डॉरथी यांना आजोळी आजीआजोबांनी वाढवले. १९१२ साली त्यांची शाळेतील मैत्रीण शस्त्रक्रियेनंतर मरण पावली. त्या धक्क्याने त्यांना दीर्घकाळ नैराश्य आले. या नैराश्याने पुढे आयुष्यभर त्यांची पाठ सोडली नाही.

मद्यपान आणि अधोगती

पहिल्या महायुद्धाच्या काळात विल्सन तोफखान्यात अधिकारी होते. १९१७ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यू बेडफर्ड येथे असताना एका मेजवानीत त्यांनी मद्य घेतले आणि स्वभावातला बुजरेपणा त्यामुळे पळून जातो, असा अनुभव त्यांना आला. २४ जानेवारी, १९१८ रोजी त्यांचा लोइस बर्नहॅम यांच्याशी विवाह झाला. युद्धानंतर ते शेअर बाजाराच्या व्यवसायात शिरले. कंपन्यांची प्रत्यक्ष पाहणी करून मगच गुंतवणुकीचा सल्ला द्यावा, या हेतूने पतिपत्नींनी मोटारसायकलवरून दूरचा प्रवास केला. प्रारंभी यश मिळाले. परंतु पिणेही वाढत गेले. १९२९ साली बाजार कोसळला. त्यानंतर विल्सन यांना व्यसनापायी कोठेच स्थिर होता आले नाही. लोइस एका मोठ्या दुकानात नोकरी करून घर चालवू लागल्या.

१९३३-३४ या काळात विल्सन यांना न्यू यॉर्कच्या टाउन्स रुग्णालयात चार वेळा दाखल व्हावे लागले. तेथील डॉ. विल्यम सिल्कवर्थ मद्यासक्तीला चारित्र्याचा दोष न मानता आजार मानत असत. नोव्हेंबर १९३४ मध्ये एबी थॅचर हे जुने मित्र विल्सन यांना भेटायला आले. तेही मद्यपी होते. मात्र ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या साहाय्याने ते त्या वेळी मद्यापासून दूर होते. उपदेश विल्सन यांनी पुष्कळ ऐकले होते. आपल्यासारख्याच माणसाने स्वतःची हकिगत सांगितली, तेव्हा मात्र ती त्यांच्या मनाला भिडली. डिसेंबर १९३४ मधील अखेरच्या रुग्णालय-वास्तव्यात त्यांना एक उत्कट आध्यात्मिक अनुभव आला. त्या वेळी त्यांना बेलाडोनायुक्त औषधेही दिली जात होती, याकडे काही अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. त्यानंतर विल्सन यांनी मद्याला पुन्हा स्पर्श केला नाही.

ॲक्रन येथील भेट

पुढील काही महिने विल्सन अनेक मद्यपींना सुधारण्याची खटपट करत होते. त्यांपैकी कोणीही सुधारले नाही; पण या खटपटीत ते स्वतः मात्र मद्यापासून दूर राहिले, ही गोष्ट लोइस यांनी त्यांच्या लक्षात आणून दिली. प्रवचन कमी करावे आणि आजाराविषयी अधिक बोलावे, असा सल्ला डॉ. सिल्कवर्थ यांनी दिला.

मे १९३५ मध्ये विल्सन व्यवसायानिमित्त ओहायो राज्यातील ॲक्रन येथे गेले. ते काम फसले. हॉटेलातील मद्यगृहाकडे पाय वळू लागताच, आपल्याला या क्षणी दुसऱ्या मद्यपीची गरज आहे, हे त्यांना उमगले. त्यांनी चर्चना दूरध्वनी करून चौकशी केली आणि हेन्रिएटा सायबरलिंग या महिलेमार्फत त्यांची डॉ. बॉब यांच्याशी गाठ पडली. शल्यचिकित्सक असलेले डॉ. बॉब केवळ पंधरा मिनिटे थांबण्याच्या बोलीवर आले होते. ती भेट कित्येक तास चालली. विल्सन उपकार करायला आले नव्हते, स्वतःच्या बचावासाठी आले होते आणि यातच या भेटीचे वेगळेपण होते. डॉ. बॉब यांनी १० जून, १९३५ रोजी अखेरचे मद्य घेतले. हा दिवस ए.ए.चा स्थापनादिन मानला जातो.

बारा पायऱ्या आणि बारा परंपरा

न्यू यॉर्कला परतल्यावर विल्सन दांपत्याने ब्रुकलिनमधील क्लिंटन स्ट्रीटवरील घर मद्यपींसाठी खुले केले. याच काळात टाउन्स रुग्णालयाने विल्सन यांना पगारी उपचारक म्हणून काम देऊ केले. घरात पैशाची चणचण होती आणि नोकरी सन्मानाची होती. तथापि, हे काम पैशासाठी होऊ लागले तर बरोबरीचे नाते संपेल, अशी हरकत गटातील सदस्यांनी घेतली आणि विल्सन यांनी ती मान्य केली. १९३८ साली उद्योगपती जॉन डी. रॉकफेलर (कनिष्ठ) यांनीही, मोठ्या रकमेने या कार्याची हानी होईल असे मानून, केवळ ५,००० डॉलरची मदत दिली.

१९३८ च्या अखेरीस विल्सन यांनी बारा पायऱ्या लिहिल्या. आपली हतबलता मान्य करणे, आत्मपरीक्षण, दुखावलेल्यांची भरपाई आणि इतर मद्यपींना मदत हे त्यांचे मुख्य सूत्र आहे. ईश्वराची कल्पना ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे करावी, अशी मुभा त्यांत ठेवली गेली. एप्रिल १९३९ मध्ये 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास कर्जापायी घर गेले आणि दोघांना सुमारे दोन वर्षे परिचितांच्या आश्रयाने राहावे लागले. मार्च १९४१ मध्ये 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या नियतकालिकात आलेल्या लेखामुळे सदस्यसंख्या वर्षभरात सुमारे २,००० वरून ८,००० वर गेली.

संघटना वाढली तसे पैसा, प्रसिद्धी आणि अधिकार यांवरून वाद होऊ लागले. त्यांवर उपाय म्हणून विल्सन यांनी बारा परंपरा मांडल्या. १९५० साली त्यांचा स्वीकार झाला. गटांची स्वायत्तता, बाहेरच्या देणग्यांना नकार आणि प्रसिद्धिमाध्यमांत अनामिकता ही त्यांची प्रमुख तत्त्वे होत. १९५१ साली लोइस यांनी मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी ॲल-ॲनॉन या संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला.

उत्तरायुष्य

१९५५ साली सेंट लुईस येथील अधिवेशनात विल्सन यांनी संघटनेची सूत्रे सदस्यांच्या प्रतिनिधींकडे सोपवली. येल विद्यापीठाची मानद पदवी त्यांनी अनामिकतेच्या तत्त्वाला धरून नाकारली. त्यांचे विवाहबाह्य संबंध आणि १९५० च्या दशकातील एल.एस.डी.चे प्रयोग हे टीकेचे विषय ठरले. धूम्रपान त्यांना दीर्घकाळ सुटले नाही आणि त्यातून फुप्फुसांचा आजार बळावला. अखेरच्या आजारपणात त्यांनी मद्य मागितल्याची, आणि ते त्यांना न दिल्याची, नोंद शुश्रूषा करणाऱ्यांनी केलेली आहे. छत्तीस वर्षे संयम पाळलेल्या माणसालाही ओढ पूर्णपणे सोडत नाही, हे त्यातून दिसते. लग्नाच्या त्रेपन्नाव्या वाढदिवशी त्यांचे निधन झाले. त्यांना ईस्ट डॉर्सेट येथे दफन करण्यात आले.

वारसा

१९९९ साली 'टाइम' साप्ताहिकाने विसाव्या शतकातील शंभर प्रभावी व्यक्तींत त्यांचा समावेश केला. अमली पदार्थ, जुगार इत्यादी व्यसनांसाठीही बारा पायऱ्यांवर आधारित गट निघाले. महाराष्ट्रातही ए.ए.च्या सभा मराठीतून भरतात. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तींना समुपदेशनाच्या कामात सामावून घेतले जाते.