सोबत सुटली, वाट सुटली नाही : यात्रेकरू भिक्खू फाहियान

इतिहासात गुप्त काळाचा धडा आला की फाहियान हे नाव येतंच. दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळात भारतात आलेला चिनी प्रवासी कोण, हा एका गुणाचा ठरलेला प्रश्न. नाव लिहिलं की आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण फाहियान काही देश बघायला आले नव्हते, की कोणा राजाचे दूत म्हणूनही आले नव्हते. ते सोबत्यांसह यात्रेला निघालेले एक वयस्कर भिक्खू होते. त्या यात्रेत त्यांची सोबत एकेक करून सुटत गेली. म्हणून आज त्यांचं चरित्र थोडं सविस्तर पाहू.

फाहियान यांचा जन्म चीनमधल्या आजच्या शान्सी प्रांतात, चौथ्या शतकात झाला. त्यांचे तीन मोठे भाऊ लहानपणीच वारले होते. हा तरी जगावा म्हणून वडिलांनी त्यांना तिसऱ्या वर्षीच श्रामणेर केलं. दहा वर्षांचे असताना वडील गेले. आई एकटी पडली, आता घरी ये, असा काकांनी आग्रह केला. पण त्यांनी विहार सोडला नाही. पुढे आईही गेली. तिचे अंत्यसंस्कार करून ते पुन्हा विहारात परतले. त्यांची एक गोष्ट सांगतात. ते इतर श्रामणेरांबरोबर शेतात भात कापत होते. तेवढ्यात भुकेले चोर आले. बाकीचे पळाले, फाहियान मात्र उभे राहिले. धान्य हवं तर खुशाल न्या, पण पूर्वी दान केलं नाही म्हणून आज उपाशी आहात, आता चोरी करून पुढचं दुःख का वाढवता, असं त्यांनी चोरांना समजावलं. चोर धान्य टाकून निघून गेले.

मग एवढ्या लांब भारतात यायचं कारण काय? त्या काळी चीनमध्ये बौद्ध धम्म पसरत होता, विहार वाढत होते, भिक्खूही वाढत होते. पण भिक्खूंनी कसं राहावं, काय करावं आणि काय टाळावं हे सांगणारे विनयाचे ग्रंथ तिथे अपुरे होते. जे होते तेही खंडित. ही उणीव फाहियान यांना सतत टोचत होती. शेवटी इ. स. 399 मध्ये, साठीच्या आसपासच्या वयात, ते चार भिक्खूंसह चांगआन (आजचे शिआन) शहरातून निघाले. वाटेत आणखी पाच भिक्खू भेटले. सगळ्यांनी मिळून वर्षावास केला. गट दहा जणांचा झाला.

दुनहुआंगच्या पुढे वाळवंट लागलं. वर पाखरू नाही, खाली जनावर नाही. वाटेत मेलेल्या माणसांची हाडं हीच काय ती रस्त्याची खूण. फाहियान यांना ते पार करायला 17 दिवस लागले. पुढे तिघे प्रवासाची सोय करण्यासाठी दुसऱ्या नगराकडे वळले. खोतानला बुद्धमूर्तींची मोठी रथयात्रा पाहून एकाने काश्मीरची वाट धरली. उरलेल्यांनी पामीरचे बर्फाळ डोंगर ओलांडले. सिंधूच्या दरीत उभ्या कड्यात खोदलेल्या 700 पायऱ्या उतरून, दोरांच्या झुलत्या पुलावरून त्यांनी नदी पार केली.

पेशावरला गट आणखी विस्कटला. एकाचा तिथेच मृत्यू झाला, तर काही जण बुद्धांच्या भिक्षापात्राची पूजा करून मायदेशी परतले. पुढे सफेद कोह पर्वतात बोचऱ्या थंड वाऱ्याने हुइ-जिंग हा पहिल्या दिवसापासूनचा सोबती कोसळला. मला सोडून तुम्ही पुढे जा, नाहीतर सगळेच मराल, असं सांगून त्याने प्राण सोडला. फाहियान त्याच्या देहाला कवटाळून रडले, आणि मग उठून चालू लागले.

आता दोघेच उरले होते, फाहियान आणि दाओ-झेंग. मथुरा, संकिसा, कनौज करत ते श्रावस्तीला पोहोचले. जेतवनात उभं राहिल्यावर दोघांना वाटेत परतलेले आणि गेलेले सोबती आठवले. चीनमधून कोणी भिक्खू इथवर आल्याचं आमच्या गुरूंच्याही ऐकिवात नाही, असं म्हणून तिथल्या भिक्खूंनी तोंडात बोटं घातली. पुढे कपिलवस्तू ओसाड दिसलं, तिथे थोडे भिक्खू आणि मोजकी घरं उरली होती. लुंबिनी, कुशीनगर, वैशाली, राजगृह, बोधगया, सारनाथ अशी सारी स्थळं त्यांनी पाहिली. राजगृहाच्या गृध्रकूटावर फुलं, धूप आणि दिवे वाहून त्यांनी रात्र काढली. बुद्धांच्या हयातीत आपला जन्म झाला नाही, याचं त्यांना तिथे फार वाईट वाटलं.

पण दर्शन झालं म्हणजे काम झालं नव्हतं. उत्तर भारतात विनय बहुतेक मुखोद्गत असे, लिहिलेली प्रत मिळेना. अखेर पाटलिपुत्रात ग्रंथ सापडले. उतारवयात फाहियान तिथे तीन वर्षं संस्कृत शिकले आणि स्वतःच्या हाताने ग्रंथ उतरवून घेतले. इथेच दाओ-झेंगने ठरवलं की आपण परत जायचं नाही. भारतातल्या भिक्खूंची शिस्त पाहून त्याचं मन इथे रमलं होतं. त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. पण फाहियान यांना हे ग्रंथ चीनमधल्या भिक्खूंपर्यंत न्यायचे होते. म्हणून ते एकटेच परत निघाले.

ताम्रलिप्तीला दोन वर्षं राहून ते जहाजाने श्रीलंकेला गेले. तिथेही दोन वर्षं ग्रंथ गोळा केले. एकदा अभयगिरी विहारात एका व्यापाऱ्याने बुद्धमूर्तीपुढे चिनी रेशमाचा पांढरा पंखा वाहिला. तो पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत ओळखीचं माणूस नाही, की ओळखीचं झाडझुडूप नाही!

परतीच्या वाटेवर वादळात जहाज गळू लागलं. व्यापाऱ्यांनी माल समुद्रात फेकला. फाहियान यांनीही आपली भांडी फेकली, पण ग्रंथ छातीशी धरले. जावाकडच्या बेटावर पाच महिने थांबून ते दुसऱ्या जहाजात बसले. तिथेही वादळ झालं. हा भिक्खूच अपशकुनी, याला बेटावर उतरवा, असं काही प्रवासी म्हणू लागले. एक व्यापारी आडवा आला म्हणून ते वाचले. अखेर 412 साली शानतुंगच्या किनाऱ्यावर ओळखीची भाजी दिसली, तेव्हा कुठे मायदेश आल्याचं कळलं.

पण घरी पोहोचूनही ते स्वस्थ बसले नाहीत. नानजिंगला भारतीय पंडित बुद्धभद्र यांच्यासोबत त्यांनी विनयाचं भाषांतर केलं. प्रवासवर्णनही लिहिलं. वयाची ऐंशी ओलांडल्यावर त्यांचं निधन झालं. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी विस्मृतीत गेलेली बौद्ध स्थळं शोधताना फाहियान आणि ह्युएन त्संग यांच्याच वर्णनांचा आधार घेतला.

आज महाराष्ट्रातूनही उपासक-उपासिका गटागटाने बोधगया, सारनाथ, कुशीनगर, श्रावस्तीच्या यात्रेला जातात. रेल्वे आहे, बस आहे, आठ-पंधरा दिवसांत माणूस घरी येतो. यात्रेला जाणारा स्वतःसाठी दर्शन घेतो, ते योग्यच. पण जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी आपण काय घेऊन परतलो, हेही विचारावं. फाहियान यांनी आपल्या यात्रेने या प्रश्नाचं उत्तर दिलं आहे. मुलांनो, परीक्षेत एका गुणासाठी त्यांचं नाव लिहाल, तेव्हा एवढं जरूर आठवा.