विपश्यनेचा शेतकरी गुरू : सयातैजी

इगतपुरीला दहा दिवस बसून आलेला एखादा तरी माणूस आता गावोगाव सापडतो. ती विपश्यना ज्या गुरूंकडून चालत आली, त्यातले एक साधे शेतकरी होते, सयातैजी.

१८७३ साली ब्रह्मदेशात, रंगूनच्या नदीपलीकडच्या खेड्यात त्यांचा जन्म. वडील लवकर गेले. आई भजी तळून विकायची. पोराला गल्लीत ओरडायची लाज, मग माल तसाच परत! शेवटी आईनं धाकट्या बहिणीला सोबत दिलं. ती हाळी द्यायची, हा डोक्यावर माल वाहायचा. चौदाव्या वर्षी ते भाताची बैलगाडी हाकू लागले.

१९०३ ला कॉलऱ्याची साथ आली. मुलगा आणि मुलगी, दोघं गेली. मन कशातच लागेना. बायकोला, मेव्हणीला विचारून ते घराबाहेर पडले आणि फिरत फिरत लेडी सयाडो या भिक्खूंकडं पोचले. तिथं सात वर्षं राहिले. खर्चाचे पैसे दरवर्षी घरच्या पिकातून यायचे. माझ्या मते निम्मी साधना त्या दोघी बायांची.

शिकले काय? श्वासावर मन टेकवायचं. मग अंगावर जे जाणवेल ते नुसतं पाहायचं. बरं वाटलं तर धरायचं नाही, दुखलं तर ढकलायचं नाही. हीच समता. पोटची पोरं गेलेल्या माणसानं हे करायचं म्हणजे काय, विचार करा.

गावी परतून वर्षभर शेताच्या कडेला ध्यान केलं. १९१४ ला पंधरा जणांना शिकवायला घेतलं. १९३७ ला हिशेब खात्यातले ऊ बा खिन आले. त्यांचे शिष्य गोयंका गुरुजी, ज्यांनी १९६९ ला ही विद्या भारतात आणली. सयातैजी १९४५ लाच वारले होते.