वाकड्या पायांचा गॅरिंचा : दोन वर्ल्ड कप नावावर, शेवट मात्र हलाखीत

फुटबॉलमध्ये एक नंबर कोण, यावर मोबाईलवर रोज भांडणं चालतात. पोरं मेस्सी म्हणतात नाहीतर रोनाल्डो. जुनी माणसं पेले आणि मॅराडोनावर अडून बसतात. अशा याद्या विसावं शतक संपतानाही निघाल्या होत्या. फुटबॉलचा इतिहास आणि आकडेवारी जपणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेनं शतकातले सगळ्यात भारी खेळाडू निवडले. त्यात पेले पहिला आला, मॅराडोना पाचवा. आठव्या नंबरवर नाव होतं गॅरिंचा.

आपल्याकडं हे नाव फार कमी लोकांना ठाऊक आहे. ब्राझीलमध्ये मात्र लोक पेलेला मान देतात आणि गॅरिंचावर जीव लावतात, असं आजही म्हटलं जातं. दोन्ही पाय वाकडे असलेला गिरणीतला हा पोरगा दोन वर्ल्ड कप जिंकून आला आणि वयाच्या ४९ व्या वर्षी दारूनं गेला. त्याची ही गोष्ट.

गिरणीचं गाव

गॅरिंचाचं खरं नाव मॅन्युएल फ्रान्सिस्को दोस सँतोस. जन्म ऑक्टोबर १९३३ चा. रिओ दि जानेरो शहराबाहेर, डोंगराच्या पायथ्याला पाव ग्रांदे नावाचं छोटं गाव आहे, तिथला. गाव कसलं, कापड गिरणीचीच वस्ती ती. गिरणीचे साहेब इंग्रज. कामगारांची घरं गिरणीची, शाळा गिरणीची आणि फुटबॉलचा संघसुद्धा गिरणीचाच. बाप त्याच गिरणीत रखवालदार होता. घराण्यात ब्राझीलच्या मूळ आदिवासींचं रक्त. बापाला दारूचं व्यसन होतं. त्या भागात उसाच्या रसापासून कशासा नावाची दारू काढतात, ती स्वस्त आणि घरोघरी मिळायची.

पोरगं जन्मलं तेच वाकड्या पायांचं. उजवा पाय आत वळलेला, डावा बाहेर. त्यात एक पाय दुसऱ्यापेक्षा काही सेंटीमीटर आखूड. उभा राहिला की दोन्ही पाय वाऱ्यानं एकाच बाजूला कलल्यासारखे दिसायचे. अंगानंही बारका. म्हणून मोठ्या बहिणीनं त्याला गॅरिंचा म्हणायला सुरुवात केली. गॅरिंचा म्हणजे तिकडचा एक तपकिरी रंगाचा चिमुकला पक्षी. घरच्यांनी ठेवलेलं ते नाव पुढं जगभर झालं.

शाळेत त्याचं मन रमलं नाही. बेचकी घेऊन पाखरांमागं फिरायचं, नदीत डुंबायचं, मासे धरायचे आणि उरलेला वेळ दोस्तांबरोबर अनवाणी फुटबॉल. मैदान असेल तर मैदानात, नाहीतर मोकळी जागा दिसेल तिथं. चौदाव्या वर्षी तो गिरणीत कामाला लागला, पण तिथंही कामात लक्ष नव्हतं. दुसरा कुणी असता तर कधीच घरी बसला असता. पण संध्याकाळी गिरणीच्या संघातून हाच पोरगा सामने जिंकून द्यायचा, म्हणून साहेबांनी सांभाळून घेतलं.

हूल एकच, पण अडवणारा कुणी नाही

मोठ्या क्लबात जायची घाई त्याला कधीच नव्हती. रिओच्या एक-दोन क्लबांनी त्याला बघितलं आणि परत पाठवलं. वाकडे पाय बघून कुणाचा विश्वास बसत नव्हता. १९५३ मध्ये बोटाफोगो क्लबात त्याची चाचणी झाली. तोवर त्याचं लग्न झालेलं होतं. समोर अडवायला उभा होता निल्टन सँतोस, म्हणजे ब्राझीलच्या राष्ट्रीय संघातला नावाजलेला बचावपटू. या गिरणीतल्या पोरानं त्याला चकवून चेंडू पुढं नेला. सँतोसनं राग धरला नाही. उलट याला आपल्याच क्लबात घ्या, समोरच्या संघात गेला तर आपली खैर नाही, असं त्यानं क्लबवाल्यांना सांगितल्याचं सांगतात. क्लबनं घेतलं. त्याच वर्षी पहिल्या अधिकृत सामन्यात गॅरिंचानं तीन गोल मारले.

तो उजव्या कडेनं खेळायचा. आपल्याकडं कबड्डीत चढाईवाला हूल देतो, तशी त्याची एकच हूल होती. चेंडू पायाजवळ थांबवायचा. अंग डावीकडं झुकवायचं. समोरच्याचा तोल त्या बाजूला गेला की उजवीकडून सुसाट निघायचं. पुढं जाऊन पुन्हा थांबायचं आणि परत तेच करायचं. तो उजवीकडूनच जाणार हे अख्ख्या मैदानाला ठाऊक असायचं, अडवणाऱ्यालाही ठाऊक असायचं. तरी तो निसटायचाच. कारण नेमका कधी निघणार ते शेवटपर्यंत कळत नव्हतं. वाकड्या पायांमुळं त्याचं अंग कुठं वळतंय याचा अंदाजही येत नसे. ज्या व्यंगामुळं त्याला परत पाठवलं होतं, तेच मैदानात त्याच्या कामी आलं.

लोक पोट धरून हसायचे. समोरचा खेळाडू पडला की हा त्याला उठून यायला वेळ द्यायचा आणि पुन्हा चकवायचा. तिकडच्या लोकांनी त्याला जनतेचा आनंद असं नाव दिलं ते यामुळं. समोर कोण आहे हे त्याला माहीतच नसतं, तो प्रत्येक बचावपटूला एकाच नावानं हाक मारतो, अशी कहाणीही पसरली होती. ती एका पत्रकारानं रचलेली गंमत होती, पण त्याचा खेळ बघणाऱ्यांना ती खरी वाटायची.

१९५८ : पहिल्या तीन मिनिटांत धडाका

१९५८ चा वर्ल्ड कप स्वीडनमध्ये होता. ब्राझीलच्या संघाबरोबर एक मानसशास्त्रज्ञ गेला होता. त्यानं खेळाडूंच्या लेखी चाचण्या घेतल्या. गॅरिंचाला गुण फार कमी पडले. मोठ्या सामन्यासाठी हा लायक नाही, असा अहवाल गेला. सतरा वर्षांच्या पेलेबद्दलही तोच शेरा होता, तो अजून पोरगा आहे म्हणून. पहिल्या दोन सामन्यांत दोघंही बाहेर बसले.

तिसरा सामना सोव्हिएत संघाशी होता. त्यांचा गोलरक्षक लेव्ह याशिन, जगात नाव असलेला. या सामन्यात दोघांनाही उतरवलं. सुरू होताच गॅरिंचा उजवीकडून घुसला आणि त्याचा फटका गोलच्या खांबाला लागला. मग पेलेचा फटका आडव्या दांडीवर आदळला. तिसरं मिनिट होईपर्यंत वावानं गोल केला. फुटबॉलच्या इतिहासात याहून भारी तीन मिनिटं झाली नाहीत, असं जुने जाणकार म्हणत आले. ब्राझील २-० नं जिंकला.

अंतिम सामन्यात स्वीडननं आधी गोल केला. त्यानंतर गॅरिंचानं दोनदा उजवीकडून चेंडू आत दिला आणि दोन्ही वेळा वावानं गोल मारला. ब्राझील ५-२ नं जिंकून पहिल्यांदा जगज्जेता झाला. पुढं पेले आणि गॅरिंचा दोघं एकत्र मैदानात असताना ब्राझील एकही सामना हरला नाही.

वर्ल्ड कप जिंकून आल्यावर देशभर सत्कार चालले होते. गॅरिंचा मात्र पाव ग्रांदेला गेला. जुन्या दोस्तांना गोळा केलं, बूट काढले आणि पूर्वीसारखा अनवाणी खेळला. नंतरही काही वर्षं तो त्याच गावात राहिला.

१९६२ : एकट्याच्या खांद्यावर

चार वर्षांनी चिलीतल्या वर्ल्ड कपमध्ये दुसऱ्याच सामन्यात पेले जखमी झाला आणि स्पर्धेबाहेर गेला. आता काय होणार म्हणून सगळा ब्राझील धास्तावला. गॅरिंचानं ओझं उचललं. इंग्लंडविरुद्ध त्यानं दोन गोल केले. पुढं उपांत्य सामन्यात यजमान चिलीविरुद्ध आणखी दोन.

इंग्लंडच्या सामन्यातला एक किस्सा तर भन्नाट आहे. खेळ चालू असताना मैदानात एक कुत्रं घुसलं. ते गॅरिंचालाही चकवून गेलं. शेवटी इंग्लंडचा जिमी ग्रीव्ह्ज दोन्ही हात टेकून खाली बसला, तेव्हा हाती लागलं. नंतर त्या कुत्र्यासाठी सोडत काढली आणि ते गॅरिंचाच्या वाट्याला आलं. तो त्याला घरी घेऊन गेला.

चिलीविरुद्ध सारखे लत्ताप्रहार होत होते. शेवटी यानंही एकाला लाथ मारली आणि पंचांनी बाहेर काढलं. बाहेर जाताना गर्दीतून फेकलेल्या वस्तूनं त्याचं डोकं फुटलं. अंतिम सामना खेळता येणार नाही असं वाटत होतं, पण बंदी घातली गेली नाही. अंगात ताप असताना तो खेळला. चेकोस्लोव्हाकियावर ३-१ असा विजय मिळाला. त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून आजही त्याचंच नाव घेतात.

कोऱ्या कागदावर सही

एवढं नाव झालं, पण हातात काय आलं? बोटाफोगो क्लबनं पुढं केलेल्या कोऱ्या करारावर तो सही करायचा आणि आकडा मागाहून क्लबवाले टाकायचे. संघातल्या कमी ताकदीच्या खेळाडूंनाही त्याच्याहून जास्त पैसे मिळायचे. शिकलेला नव्हता आणि व्यवहार बघणारं कुणी जवळ नव्हतं.

गुडघे तर आधीच नाजूक होते. वाकड्या पायांवर सगळा भार, त्यात बचावपटूंच्या लाथा. सांध्यांची झीज सुरू झाली. त्याला विश्रांतीची गरज होती, पण गॅरिंचा खेळणार म्हटलं की परदेशी दौऱ्यात क्लबला जास्त पैसे मिळायचे. म्हणून गुडघ्यात इंजेक्शन देऊन उतरवायचे. १९६४ मध्ये शस्त्रक्रिया झाली, तोवर उशीर झाला होता. पुढं क्लबनं त्याला सोडून दिलं. १९६६ च्या वर्ल्ड कपमध्ये त्यानं बल्गेरियाविरुद्ध एक गोल केला. नंतर हंगेरीनं ब्राझीलला ३-१ नं हरवलं. तो त्याचा ब्राझीलसाठीचा शेवटचा सामना. देशासाठी खेळताना बघितलेला पराभव तेवढा एकच.

दारू

बापाला जी दारू लागली होती, तीच त्यालाही लागली. खेळत होता तोवर लोक हसण्यावारी न्यायचे. खेळ सुटला आणि दारूच उरली.

पहिल्या बायकोपासून त्याला आठ मुली होत्या. १९६२ पासून तो गायिका एल्झा सोआरेस हिच्याबरोबर राहू लागला. लोकांनी सगळा दोष तिला दिला, घर मोडलं म्हणून शिव्या घातल्या. प्रत्यक्षात त्याची दारू सुटावी म्हणून झटली ती तीच. गुत्त्या-गुत्त्यांवर जाऊन याला देऊ नका म्हणून तिनं विनवण्या केल्या. १९६९ मध्ये तो चालवत असलेल्या गाडीला अपघात झाला. त्यात एल्झाची आई गेली. ते दुःख त्याच्या मनातून गेलं नाही आणि पिणं आणखी वाढलं. दारूच्या भरात त्यानं एल्झावर हातही उचलला. १९७७ मध्ये ती वेगळी झाली.

डिसेंबर १९७३ मध्ये माराकाना स्टेडियमवर त्याच्यासाठी निरोपाचा सामना ठेवला होता. लाखाहून जास्त लोक आले. पैसेही बरे जमले, पण आजार पैशाच्या पलीकडं गेला होता. १९८० च्या कार्निव्हलच्या मिरवणुकीत त्याला सजवलेल्या रथावर बसवलं. भोवती गाणं-नाचणं चाललेलं आणि हा औषधांच्या गुंगीत नुसता बसून. ज्यांनी त्याला उड्या मारताना बघितलं होतं, त्यांना ते बघवलं नाही.

२० जानेवारी १९८३ ला रिओत त्याचा मृत्यू झाला. दारूनं यकृत निकामी झालं होतं. दवाखान्यात नेणं-आणणं बरंच झालं, पण दारू सुटावी म्हणून नीट, शेवटपर्यंत उपचार झाले नाहीत. माराकानावर त्याचं शव ठेवलं. मग अग्निशमन दलाच्या गाडीवरून शवपेटी पाव ग्रांदेकडं निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची रीघ लागली होती.

यादीतला नंबर आणि गावातली कबर

१९९८ मध्ये विसाव्या शतकाचा जागतिक संघ निवडला, त्यात उजव्या कडेला गॅरिंचाच होता. ब्राझीलच्या राजधानीतल्या मोठ्या स्टेडियमला त्याचं नाव आहे. २०१४ च्या वर्ल्ड कपचे सामने तिथं झाले.

२०१७ मध्ये मात्र वेगळीच बातमी आली. ज्या स्मशानभूमीत त्याला पुरलं, तिथं त्याची हाडं नेमकी कुठं आहेत हे कुणालाच खात्रीनं सांगता येईना. नोंदीचे कागद नाहीत, घरच्यांनाही पक्कं माहीत नाही. शतकाच्या यादीत तो कितवा, हे मोबाईलवर एका मिनिटात सापडतं. कोऱ्या करारावर किती आकडा पडला, गुडघ्यात किती इंजेक्शनं गेली, याची यादी कुणी ठेवली नाही.

एल्झा सोआरेस त्याच्यानंतर ३९ वर्षं जगली आणि गात राहिली. २०२२ मध्ये ती गेली, तो दिवसही २० जानेवारीच होता.